देवीच्या घटातली भेदरं

सिंदी (रेल्वे),
कोजागरी पौर्णिमा, १९५४

ती. स्व. नानांना धाकट्या अन्नपूर्णेचा वाकून नमस्कार. (खरे पाहता वाकणे माझ्या कंबरेने सध्या बंद केले आहे, का ते पुढे येईलच, पण मोठ्या भावाला ताठ उभ्याने नमस्कार केला असे लिहायची आपल्याकडे रीत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा शेक घेता, की तेलाची बाटली उशाशी ठेवून तिच्याकडे नुसते पाहत बसता? विमलवहिनींचा दमा कसा आहे? त्यांना दही चालत नाही असे मी कित्येक वर्षे सांगते आहे आणि "चमचाभरच खाल्लं हो" असे त्याही तितकीच वर्षे सांगत आहेत. आता दोघींपैकी कोणी थकेल असे वाटत नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. रागाने माणसाची प्रकृती सुधारते असा माझा अनुभव आहे, आणि पोळ्यापासून मी एकदाही राग सोडलेला नाही.

कशाचा राग, हे तुम्ही विसरला असाल म्हणून लिहिते. पोळ्याला तुम्ही इथे आलात, आनंदाबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्यात (किती, ते वहिनींना कळवणार नाही), आणि हात धुता धुता ओट्यावरच्या माझ्या कुंड्यांकडे बोट करून म्हणालात, "अन्नू, जिला टमाटरचं एक रोप जगवता येत नाही ती म्हातारपणी एकटी काय राहणार? दिवाळी झाली की खोल्या सोड आणि नागपूरला ये." हे तुम्ही माझ्या घरमालकांसमोर, म्हणजे रूपराव आणि आनंदाबाईंसमोर बोललात. जिने या गावच्या मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण म्हणून इन्स्पेक्टरांनासुद्धा दाराबाहेर उभे केले तिला! (आणि कुंड्यांतल्या ज्या वाळक्या काड्यांची तुम्हाला एवढी दया आली, त्या रोपांच्या नव्हत्या. नावाच्या चिठ्ठ्या लावायला मीच खोचल्या होत्या. रोपे त्याआधीच गेली होती.) मी तिथल्या तिथे सांगितले की कोजागरीला माझ्या हाताने पेरलेले एक तरी रोप उभे असेल, नसेल तर मुकाट्याने खोल्या सोडीन. तुम्ही सेक्रेटरिएटात जन्म काढलेले, लगेच अट घासून घेतलीत: बी तुझे, पेरणी तुझी, कुणाकडून आणलेले रोप चालणार नाही. मी हो म्हटले.

आज कोजागरी आहे. रोप माझ्यासमोर कुंडीत उभे आहे. तेव्हा मी येत नाही. वहिनींनी माझ्यासाठी रिकामी केलेली खोली पापड-कुरडयांना परत द्यावी.

खरे म्हणजे पत्र इथेच संपते. पण तुम्ही पुरावा मागाल, आणि अर्धवट ऐकलेली हकिकत तुमच्या कानावर दुसरीकडून येईल, त्यापेक्षा सगळी मीच सांगते.

टोमॅटो (मी टोमॅटो म्हणते, तुम्ही टमाटर म्हणता आणि आनंदाबाई भेदरं म्हणतात, फळ एकच) हे माझे आत्ताचे खूळ नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर आगाथा प्रार्थनाघराच्या मागे ते लावत. झारी आमच्या हातात देत आणि फळ मात्र मदरच्या टेबलावर जाई. तेव्हाच मी ठरवले होते की कधीतरी पाणी घालणारीच फळ खाईल अशी बाग करायची. नोकरीत वेळ मिळाला नाही. निवृत्त झाल्यावर मी एक इंग्रजी पुस्तिका मिळवली. तीत लिहिले होते की बर्फ वितळला की मार्च महिन्यात, दक्षिणेकडच्या खिडकीत, काचेमागे बी पेरावे. सिंदीत बर्फ फक्त लग्नात दिसतो, सरबतवाल्याच्या गोणपाटाखाली. पण छापलेल्या सूचना पाळायची मला लहानपणापासून सवय. मी मार्चमध्ये, दक्षिणेच्या खिडकीत, काचेमागे बी पेरले. ते उगवले नाही. फुटाण्यासारखे भाजले. पुढे आषाढात पुन्हा पेरले; ते उगवले, दोन दिवस शहाण्यासारखे उभे राहिले आणि मग प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडणाऱ्या मुलींसारखी एकेक करून रोपे बुडाशी गळून आडवी झाली. पुस्तिका म्हणते की हा मातीतला रोग आहे आणि त्यावर उपाय म्हणजे माती भाजून घेणे.

तुम्ही नागपूरला परत गेलात आणि मी माती भाजायला घेतली. आधी पिठाच्या चाळणीने चाळली, कुजके शेणखत तितकेच चाळून मिसळले, आणि मोठ्या कढईत, अंगणातल्या चुलीवर, उलथन्याने परतत बसले. आनंदाबाई शेतातून आल्या आणि डोक्यावरचा भारा न उतरवता उभ्याच राहिल्या. "अव बाई, हे काय करून राह्यल्या? मातीचा शिरा?" मागून रूपराव. त्या माणसाला पऱ्हाटीखेरीज (म्हणजे कपाशीखेरीज) कुठलेही झाड मनापासून मान्य नाही. "काऊन, साखर नाई टाकत का? अन् झाला म्हंजे आमाले वाटीभर देजा." माती तांबूस होऊन वास सुटेपर्यंत परतली. (कंबर तिथे पहिल्यांदा धरली.) मग ती एका पसरट टोपल्यात भरून पुडीतले उरलेसुरले सगळे बी मी त्यात पेरले. पितृपक्ष चालू होता. आनंदाबाई आधी म्हणाल्या होत्या, "पितरांच्या दिसात काई पेरू नये, बाई." मी मनात म्हटले, आमचे पितर नागपूरला भावाकडे जेवतात, इथे येत नाहीत, आणि त्या शेतात असताना पेरले; मी ऐकले असेच त्या समजून होत्या. टोपले सावलीत, ओट्याच्या कडेला ठेवले. आता पुडी रिकामी, हाती बी नाही, आणि कोजागरी जवळ आलेली. जे काही होते ते त्या टोपल्यात होते.

पितृपक्ष संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला वर्धेला जावे लागले. पेन्शनसाठी, मी जिवंत आहे असा दाखला द्यायला. (तिथल्या कारकुनाने माझ्याकडे नीट पाहून घेतले आणि मगच शिक्का मारला. त्याला शंका होती की काय कोण जाणे.) पॅसेंजरने परत आले तो ओटा रिकामा.

टोपले नाही! मी अंगण पाहिले, गोठा पाहिला, शेळीच्या तोंडाकडेसुद्धा पाहिले. मग आनंदाबाईंच्या माजघरातून धुपाचा वास आला. त्या दिवशी घटस्थापना होती. आत गेले. देवीपुढे पाट, पाटावर माझे टोपले, टोपल्यात माझी माती, मातीवर दाट गहू पेरलेला, मधोमध पाण्याचा घट, वर नारळ, बाजूला अखंड दिवा. आनंदाबाई उपाशी, न्हालेल्या, डोळे भरून देवीकडे पाहत बसलेल्या. "रानात चिखल झाला, बाई. यायनं आणली ते माती नुसता गोळा. अन् तुमच्या ओट्यावर पाहिली त कशी रव्यावानी! चाळलेली, आगीतून काढलेली. यापेक्षा सोवळी माती अख्ख्या सिंदीत भेटन का? तुमाले इचारलं असतं, पर तुम्ही वर्धेले गेलत्या."

नाना, मी तोंड उघडले होते. वाक्यही तयार होते आणि चांगले होते. पण घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, त्याला हात लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातून आनंदाबाई चातुर्मासात वांगे खात नाहीत, आणि भेदरं हे त्यांच्या मते वांग्याचेच विलायती भावंड, म्हणून तेही खात नाहीत. देवीच्या घटाखाली भेदऱ्याचे बी आहे असे कळले असते तर त्या बाईने नवरात्रभर अन्न-पाणी सोडले असते. गेल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा माझ्या उशाशी बसून जिने मला पेज भरवली, ती ही बाई. (तेव्हा मी तुम्हाला "जरा पडसे झाले" असे लिहिले होते. पडसे नव्हते.) मी तोंड मिटले. माझे सगळे बी देवीच्या ताब्यात गेले आणि नागपूरची खोली डोळ्यांपुढे दिसू लागली.

पण मिटल्या तोंडानेही पुष्कळ करता येते. आनंदाबाई घटावर ओंजळीने पाणी शिंपडत; एवढ्या पाण्यात माझी रोपे पुन्हा माना टाकतील हे मला दिसत होते. दुसऱ्या माळेपासून मी त्यांना सांगितले की पाणी दूर्वेने शिंपडावे, थेंब थेंब, आणि ते काम मी करीन. मग रोज सकाळी आंघोळ करून घटापुढे, रोज संध्याकाळी आरतीला घटापुढे. आरती संपली तरी मी वाकलेलीच, कारण गव्हाच्या कोंबांतून खाली काही दिसते का ते वाकल्याखेरीज कळत नाही. (कंबर इथे पुरती गेली.) आळीतल्या बायका कुजबुजायला लागल्या की शाळेतल्या बाई देवाला लागल्या. दोघी तर माझ्या पाया पडल्या. त्यांतल्या एकीला मी पूर्वी भूगोलात नापास केलेले आहे. रूपराव तेवढे बधले नाहीत. तंबाखू मळत दारात उभे. "बाई, तुम्ही त पोरींना सांगत होत्या का देव मनात राह्यते. मंग मनातून टोपल्यात कवा उतरला?" मी म्हटले, रूपराव, तंबाखू थुंकून या आणि मग देवाबद्दल बोला.

पाचव्या माळेला ते दिसले. गव्हाच्या पिवळ्या कोंबांच्या बुडाशी, दिव्याच्या बाजूला, दोन-दोन पानांची बारकी लवदार रोपे. मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात आनंदाबाईच किंचाळल्या. "माय व! हे गहू नोहे. कोनं पेरलं हे?" रूपरावांनी वाकून, हात न लावता, नुसता वास घेतला. "भेदरं हाय." मग सरळ झाले आणि माझ्याकडे पाहत राहिले. आनंदाबाईंचा चेहरा पांढरा पडला. चातुर्मासात, देवीपुढे, भेदरं! घट बाटला का? देवी रागावली का? त्यांचे डोळे भरले, आणि त्या एकदम म्हणाल्या, "उपटून टाकू काय?"

तेव्हा मी म्हणाले, "आनंदाबाई, देवीच्या पुढ्यातलं उपटायचं नसतं. तिला हवं होतं म्हणूनच ते उगवलं."

यात खोटे एक अक्षर नाही. कॉन्व्हेंटात आम्हाला खोटे न बोलायला शिकवले, आणि मी आजवर बोललेले नाही. कोणी पेरले हे मला कोणी सरळ विचारले असते तर मी सरळ सांगितले असते. (रूपरावांनी विचारले नाही. नुसते पाहत राहिले. पाहण्याला उत्तर द्यावे असे कॉन्व्हेंटात शिकवलेले नाही.)

पण माझ्या त्या एका वाक्याचे काय झाले ते पाहा. संध्याकाळपर्यंत अख्खी आळी घट पाहायला लोटली. न पेरता उगवलेली भेदरं! रोपांवर हळदकुंकू पडायला लागले. (हळदीचे ठीक, कुंकवाने पाने करपतात, मी बायकांना लांबूनच वाहायला लावले. कोणी का विचारले तर बाकीच्या म्हणत, बाईंना सगळे नियम माहीत आहेत.) चातुर्मासातही देवीला भेदरं चालतात, इतपत निर्णय सातव्या माळेपर्यंत आळीत होऊन गेला. आनंदाबाई इतक्या खुशीत होत्या की येणाऱ्या प्रत्येकीला सांगत, "आमच्या बाईची माती होती, पर बी देवीचं." आणि मी तिथेच शेजारी बसलेली, हातात दूर्वा, तोंडात मूग.

आता खरे संकट ऐका. दसऱ्याला घट उठला की त्यातले कोंब प्रसाद म्हणून वाटतात. पुरुष टोपीत खोचतात, बायका अंबाड्यात. म्हणजे माझी रोपे गावभर डोक्यांवर बसून जाणार. मी आनंदाबाईंना म्हटले, मला थोडे जास्त द्या. त्यांनी मूठभर दिले, प्रेमाने, अगदी मधले. सगळा गहू! एकही टोमॅटो नाही. बाकीचे आळीत गेले. मी घरी आले, चहा केला, तो तसाच ठेवला आणि आपट्याची पाने घेऊन बाहेर पडले. तुम्हाला माहीत आहे, मी आयुष्यात कधी कोणाकडे सोने वाटायला गेले नाही. लोक माझ्याकडे येत. यंदा मी एकही घर सोडले नाही. दारात जायचे, पान द्यायचे, "सोन्यासारखे राहा" म्हणायचे आणि डोक्याकडे पाहायचे. टोपीत नुसता गहू असला तर पुढच्या घरी. दोन पाने दिसली तर सांगायचे की देवीच्या प्रसादातले थोडे मला हवे आहे. कोणी नाही म्हटले नाही, उलट आग्रहाने टोपी पुढे करत. पोस्टमास्तर बंडोपंत खुर्चीतच झोपले होते, टोपी डोळ्यांवर. तिच्यात मुळासकट, मातीसकट, सुरेख रोप! मी ते हळूच काढले. ते जागे झाले. "अन्नपूर्णाबाई, हे काय?" मी म्हटले, प्रसाद. ते म्हणाले, "यंदा तुमची भक्ती फार वाढली," आणि पुन्हा झोपले. टपाल वेळेवर का पोचत नाही हे मला त्या दिवशी कळले.

जमवली ती सगळी रोपे मी लावली. टोपीच्या उबेत निम्मी कोमेजलीच होती. रोज एकेक गेले. राहिले ते बंडोपंतांच्या टोपीतले. आज त्याला दाताड्या कडांचे खरे पान फुटले आहे, बोट लावले तर वास येतो. तेव्हा अट तपासून पाहावी. बी माझे, पेरणी माझी. माती तर माझी इतकी की ती मी चाळून, भाजून, परतून दिली. पाणी पहिल्या दिवशी दुसऱ्यांनी घातले असेल, पण अटीत पाण्याचा उल्लेख नाही. देवीचाही नाही. आता यापुढे "एकटी, म्हातारी, तुला काय जमते" हा विषय बंद, आणि दिवाळीला मला न्यायला कोणी येऊ नये.

सौ. वहिनींना नमस्कार आणि दह्याबद्दल पुन्हा तेच. मुलांना आशीर्वाद.

तुमची, सिंदीतच राहणारी,
अन्नपूर्णा

ता. क. पत्र बंद करायचे राहिले ते बरे झाले. काल कोजागरीचे आटीव दूध अंगणात चांदण्यात ठेवले होते. आळीतल्या बायका दूध प्यायला आणि रोप पाहायला आल्या, म्हणून मी कुंडीही बाहेर ठेवली. आज सकाळी कुंडी होती, रोप नव्हते. रूपरावांच्या शेळीच्या दाव्याची गाठ रूपरावांनीच मारलेली होती; यापुढे पऱ्हाटीबद्दल त्यांनी माझ्याशी बोलू नये. पण अट कोजागरीची होती. कोजागरी होती तोवर रोप उभे होते. मी जिंकले.

ता. क. २. वरचे मी सकाळी लिहिले. दुपारी पुन्हा वाचले. सेक्रेटरिएटात असे चालत असेल, मला चालत नाही. तेव्हा जे आहे ते सांगते. दसऱ्याला आनंदाबाईंनी आपल्या अंबाड्यातले कोंब तुळशीवृंदावनात लावले होते, त्यात एक भेदरं जगले आहे आणि माझ्या गेलेल्या रोपापेक्षा धडधाकट आहे. शेळीची हकिकत ऐकून त्या आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाले हेच दाखवजा. माह्यं काय अन् तुमचं काय, देवीचंच त हाय." हे रोप माझ्या बियांचे आहे हे तुम्हाला आणि मला माहीत आहे, पण मी ते त्या अंगणात उभी राहून कधीच सांगणार नाही. म्हणून माझी विनंती, आणि हे सगळे पत्र तिच्यासाठीच लिहिले असे धरावे: दिवाळीआधी एकदा या. वृंदावनाकडे पाहा, ते कोणाचे ते मनात काय ते ठरवा आणि तोंडाने फक्त "वा" म्हणा. येताना टोमॅटोच्या बियांची एक पुडी कोटाच्या आतल्या खिशात घालून आणा आणि रूपरावांच्या समोर बाहेर काढू नका.

ता. क. ३. सगळे पाहूनही मी हरले असेच तुम्हाला वाटले, तर मी दिलेला शब्द मोडणार नाही, खोल्या सोडीन. मात्र मी हरले आणि खोल्या सोडते आहे, हे आनंदाबाईंना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा. त्या सध्या दिवसभर शेतात गवत कापत असतात आणि संध्याकाळी विळा घेऊनच परत येतात.